पक्षाचा सातबारा

पक्षफुटीच्या दिवसांतली गोष्ट. आमच्या तालुक्याच्या गावी एका पक्षाच्या कार्यालयाच्या दाराला दोन कुलपं लागली होती. एकच कडी, तिच्यात आधीच्या गटाचं जुनं पितळी कुलूप आणि त्याच्यात अडकवलेलं दुसऱ्या गटाचं नवं कोरं कुलूप. पायरीवर साठीतले एक कार्यकर्ते बसले होते. पस्तीस वर्षं रोज सकाळी येऊन ते हे कार्यालय झाडायचे, पेपर वाचायचे, आल्यागेल्याचं काम ऐकून घ्यायचे. मी विचारलं, खोली कोणाची? त्यांनी बोटांवर मोजत हिशेब सांगितला. भाडेपावती आमदारांच्या नात्यातल्या एकाच्या नावावर. वीजमीटर जुन्या तालुकाप्रमुखाच्या नावावर. खुर्च्या एका ठेकेदाराने दिलेल्या. "आणि सतरंज्या आम्ही वर्गणी काढून घेतल्या," ते म्हणाले. "त्या आत आहेत."

पक्ष नेमका कोणाचा, हा प्रश्न महाराष्ट्रात २०२२ पासून निवडणूक आयोग, विधानसभाध्यक्ष आणि सर्वोच्च न्यायालय अशा तिन्ही ठिकाणी लढला गेला. टीव्हीवर तो नेत्यांच्या भांडणासारखा दिसला. मला मात्र तो त्या पायरीवरून दिसतो, आणि राजकारणातल्या बहुतेक मूळ कल्पना, म्हणजे सत्ता, अधिकार, संघटना, बहुमत, डावपेच, या एकाच प्रश्नात गुंतलेल्या दिसतात.

सातबारा हे दोन नमुन्यांचं जोडनाव आहे. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख, जमीन कोणाच्या नावावर आहे ते. गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंदवही, शेतात काय उभं आहे ते. पक्षालाही असे दोन नमुने असतात. नाव, चिन्ह, अध्यक्षपद, आमदार हा सात. शाखा, सभासद, सतरंज्या, मतदारयादी घेऊन दारोदार फिरणारी माणसं हा बारा. आपल्याकडे गेल्या पन्नास वर्षांत कायद्याने आणि पक्षांनी मिळून सातचे कागद नीट ठेवले आणि बारा कोरा सोडला, असं माझं म्हणणं आहे. पुढचा सगळा आढावा त्याचाच.

सत्ता म्हणजे काय, याचं सर्वांत चालणारं उत्तर जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांचं आहे. समोरच्याचा विरोध असतानाही आपली इच्छा अमलात आणण्याची शक्यता म्हणजे सत्ता. ही सत्ता लोकांना मान्य असेल तर तिला अधिकाराचं रूप येतं, आणि ती मान्यता परंपरेतून, एखाद्या व्यक्तीच्या करिष्म्यातून किंवा कायदा-नियमांतून येते. आपल्याकडचे पक्ष या तिन्हींवर एकाच वेळी उभे असतात. घराणं असतं, करिष्मा असलेला नेता असतो आणि आयोगाकडे दिलेली घटनाही असते. सगळं सुरळीत असताना या तीन पायांमधला फरक कळत नाही. फूट पडली की प्रत्येक गट आपल्याला सोयीचा पाय धरून ठेवतो.

वेबर यांच्याच वर्तुळातले रॉबर्ट मिशेल्स यांनी १९११ साली जर्मन समाजवादी पक्षाचा अभ्यास करून एक कडू निष्कर्ष मांडला. लोकशाहीसाठी जन्मलेला पक्षही मोठा झाला की मूठभरांच्या हाती जातो, कारण संघटना चालवायला वेळ, माहिती आणि पैसा लागतो आणि या तिन्ही गोष्टी वरच्यांकडेच साठतात. फ्रेंच अभ्यासक मोरिस दुव्हर्जे यांनी १९५१ च्या ग्रंथात पक्षांचे दोन प्रकार सांगितले. एक वजनदार माणसांची मोट, दुसरा सभासदांच्या वर्गणीवर आणि शाखांवर उभा असलेला जनपक्ष.

महाराष्ट्रात हे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी वाढले. ग्रामीण महाराष्ट्रातली काँग्रेस आणि पुढे राष्ट्रवादी काँग्रेस संस्थांमध्ये राहिली. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नातून प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्या वाटेने पुढे जिल्हा बँका, दूध संघ, बाजार समित्या, शिक्षणसंस्था आल्या. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या. तिथे कार्यकर्ता म्हणजे सोसायटीचा संचालक, कारखान्याचा सभासद, उसाची तोड वेळेवर मिळावी म्हणून चेअरमनच्या गटात राहणारा शेतकरी. अशा ठिकाणी आमदार पक्ष बदलतो तेव्हा तो एकटा जात नाही, त्याच्याबरोबर सगळी साखळी जाते. पक्षाचं तालुक्यातलं अस्तित्वच त्याच्या संस्थांमध्ये असतं, आणि मागे उरतं ते एक लेटरहेड.

मुंबई-ठाण्यातल्या शिवसेनेची घडण निराळी. १९ जून १९६६ ला स्थापन झालेल्या या संघटनेचं शरीर म्हणजे शाखा. गटप्रमुख, शाखाप्रमुख, विभागप्रमुख ही उतरंड, बाहेर खडूने सूचना लिहिलेला काळा फळा, दारात उभी रुग्णवाहिका. पाण्याची तक्रार, शाळेतला प्रवेश, हॉस्पिटलमधलं बिल, नवरा-बायकोचं भांडण, सगळं तिथे यायचं. पण या शरीराचं डोकं निवडून येत नव्हतं. नेत्याचा शब्द हीच घटना होती. म्हणजे एकीकडे अंग जनपक्षाचं आणि दुसरीकडे अधिकार निखळ करिष्म्याचा. रिपब्लिकन पक्षात तर गट नेत्यांच्या आडनावांनीच ओळखले गेले, आणि १९५७ मध्ये स्थापन झालेल्या, बाबासाहेबांच्या कल्पनेतून आलेल्या पक्षाला ऐक्याची घोषणा पुन:पुन्हा करावी लागली.

आता कायद्याकडे. मूळ संविधानात राजकीय पक्षाचा उल्लेखच नव्हता. मतदार उमेदवार निवडतो आणि सभागृह सरकार निवडतं, एवढीच ती मांडणी. पक्ष कागदावर आला तो चिन्हाच्या दारातून. निवडणूक आयोगाने १९६८ मध्ये चिन्हांविषयीचा आदेश काढला, त्याच्या १५ व्या परिच्छेदात पक्षात दोन गट पडले तर खरा पक्ष कोणता हे ठरवण्याचा अधिकार आयोगाकडे घेतला. आणि पुढच्याच वर्षी देशातला सर्वांत मोठा पक्ष फुटला.

१९६९ ची काँग्रेस फूट मुळातून समजून घ्यावी, कारण आजचे सगळे निकष तिथून येतात. इंदिरा गांधी एकीकडे, संघटनेवर पकड असलेले सिंडिकेटचे नेते दुसरीकडे. दोघांनी एकमेकांना काढून टाकलं. पक्षाचं चिन्ह असलेली बैलजोडी कोणाची, हा प्रश्न आयोगाकडे आणि मग सर्वोच्च न्यायालयात गेला. १९७१ च्या सादिक अली खटल्यात न्यायालयाने बहुमताची कसोटी उचलून धरली. हे बहुमत दोन जागी मोजायचं, विधिमंडळांत आणि पक्षसंघटनेत. न्यायालयाने आणखी एक मोलाची गोष्ट सांगितली. चिन्ह ही वाटून घ्यायची मालमत्ता नव्हे, निरक्षर मतदाराला आपला पक्ष ओळखता यावा म्हणून दिलेली ती खूण आहे. म्हणजे चिन्हाचा पहिला हक्कदार मतदार होता. वादाचा निकाल लागेपर्यंत १९७१ ची लोकसभा निवडणूक इंदिरा गांधींनी गाय-वासरावर लढवली आणि जिंकलीही. बैलजोडी मागे पडली, मतदार नव्या खुणेकडे सहज गेला.

त्या वेळी इंदिराजींना संघटनेतही बहुमत दाखवता आलं, अखिल भारतीय काँग्रेस समितीचे सदस्य मोजता आले. पुढच्या काळात पक्षांच्या अंतर्गत निवडणुका नावापुरत्या उरल्या. समित्यांवर नेमणुका होऊ लागल्या. मग संघटनेतलं बहुमत मोजणार कसं? ज्या यादीतले लोक नेत्यानेच नेमलेले आहेत, ती यादी पुरावा कशी होणार? अशा वेळी वादातीत मोजता येणारी एकच गोष्ट उरते, आमदार-खासदारांची डोकी. कसोटीचे दोन पाय होते, त्यातला एक पक्षांनी स्वत:च कापून टाकला.

दुसरा धागा पक्षांतराचा. १९६७ मध्ये हरियाणात गया लाल या आमदाराने पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि 'आयाराम गयाराम' हा शब्द देशभर गेला. त्या लाटेचा विचार करायला केंद्रीय गृहमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. समितीसमोर आलेला एक आकडा सगळं सांगून जातो. राज्यांतल्या पक्षांतर केलेल्या २१० आमदारांपैकी ११६ जण त्यांच्याच पाठिंब्याने बनलेल्या सरकारांत मंत्री झाले होते. तत्त्वासाठी पक्ष सोडणारी माणसं असतात, आणि समितीतही त्यांचा विचार झाला, पण निम्म्याहून जास्त जणांच्या वाट्याला मंत्रिपद येतं तेव्हा तत्त्वाचा दावा फार काळ टिकत नाही.

कायदा यायला १९८५ उजाडलं. मधल्या काळात महाराष्ट्राने १९७८ पाहिलं. फेब्रुवारीच्या विधानसभा निवडणुकीत जनता पक्षाला ९९, काँग्रेसला ६९ आणि इंदिरा काँग्रेसला ६२ जागा मिळाल्या. दोन्ही काँग्रेसनी मिळून वसंतदादा पाटील यांचं सरकार बनवलं. जुलैमध्ये शरद पवार बाहेर पडले आणि अडतिसाव्या वर्षी पुरोगामी लोकशाही दलाचे, म्हणजे पुलोदचे, मुख्यमंत्री झाले. पाठीत खुपसलेला 'खंजीर' हा शब्द तेव्हा जो मराठी राजकारणात शिरला तो आजवर निघालेला नाही. पण कायद्याच्या दृष्टीने त्या वेळी गैर काहीच घडलं नव्हतं. आमदारांनी पक्ष सोडला, सभागृहात बहुमत दाखवलं, विषय संपला. पक्षाचं नाव घेऊन कोणी गेलं नाही.

५२ व्या घटनादुरुस्तीने दहावं परिशिष्ट आणलं. पक्ष सोडला किंवा व्हिप, म्हणजे मतदानाविषयीचा पक्षादेश, मोडला तर आमदारकी जाणार. मात्र एक तृतीयांश सदस्यांनी फूट पाडली तर माफ, आणि दोन तृतीयांशांनी दुसऱ्या पक्षात विलीनीकरण केलं तर माफ. किरकोळ पक्षांतराला बंदी आणि घाऊक पक्षांतराला मुभा, अशी टीका तेव्हाच झाली. त्या दिवसापासून राजकीय डावपेचांना अंकगणिताचं रूप आलं. डिसेंबर १९९१ मध्ये छगन भुजबळ शिवसेनेतून फुटले तेव्हा ५२ आमदारांचा एक तृतीयांश म्हणजे १८ डोकी जमवणं हाच सगळा खेळ होता. २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने एक तृतीयांशाची पळवाट बंद केली आणि मंत्र्यांच्या संख्येला सभागृहाच्या १५ टक्क्यांची मर्यादा घातली, महाराष्ट्रात २८८ ला ४३. हेतू चांगला होता, पण उंबरठा वाढला की छोटी फूट थांबते आणि मोठ्या फुटीची तयारी जास्त पैशांनी, जास्त गुप्ततेने आणि जास्त लांबच्या हॉटेलात होते.

या कायद्याची एक किंमत फारशी बोलली जात नाही. व्हिप विश्वासदर्शक ठरावापुरता मर्यादित नाही, कोणत्याही मतदानाला लागू होतो. आपल्या मतदारसंघातल्या कांदाउत्पादकाच्या विरोधात जाणाऱ्या विधेयकावर आमदाराला पक्षाविरुद्ध मत देता येत नाही, दिलं तर आमदारकी पणाला. ब्रिटनमध्ये खासदार व्हिप झुगारतो, पक्ष त्याच्यावर कारवाई करतो, पण त्याची खासदारकी जात नाही. आपण एकट्या आमदाराचा आवाज बंद केला आणि झुंडीला वाट ठेवली. दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच अपात्रतेची तरतूद स्वेच्छेने पक्ष सोडणं आणि विश्वास-अविश्वास ठराव एवढ्यापुरती ठेवावी असं सुचवलं होतं. ती शिफारस कागदावर राहिली.

गोव्याने तर दोन तृतीयांशाची तरतूद पिळून काढली. मार्च २०१९ मध्ये भाऊसाहेब बांदोडकरांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या तीनपैकी दोन आमदारांनी विधिमंडळ पक्ष भाजपमध्ये विलीन केला. जुलैत काँग्रेसच्या १५ पैकी १० जणांनी तेच केलं. पुन्हा तसं होऊ नये म्हणून २०२२ च्या निवडणुकीआधी काँग्रेसच्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मीच्या देवळात, बांबोळीच्या क्रुसापुढे आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन पक्षनिष्ठेच्या शपथा दिल्या गेल्या. निवडून आले ११. सप्टेंबरमध्ये त्यातले आठ भाजपमध्ये गेले. मला यात त्या आठ जणांइतकीच पक्षाची लाचारी दिसते. आमदाराला धरून ठेवणारं पक्षात काहीच नाही, ना सभासद, ना समिती, म्हणून देवाला साक्षीला बोलवावं लागलं.

आणि मग २०२२. जूनमध्ये शिवसेनेचे नेते एकनाथ शिंदे विधान परिषदेच्या मतदानानंतर सुरतला आणि तिथून गुवाहाटीला गेले. शिवसेनेचे आमदार ५५. दोन तृतीयांश म्हणजे ३७, आणि त्यांच्यामागे ४० होते. जुन्या डावपेचाने पाहिलं तर त्यांनी भाजपमध्ये किंवा एखाद्या लहान पक्षात विलीन व्हायला हवं होतं. त्यांनी ते केलं नाही. आम्ही पक्ष सोडलाच नाही, आम्हीच पक्ष आहोत, असा दावा केला. या फुटीतली खरी नवी गोष्ट ही आहे. विलीनीकरणाचा दरवाजा दहाव्या परिशिष्टात होता, तो टाळून ते १९६८ च्या चिन्ह आदेशाच्या दरवाजातून आत आले. पक्षांतरबंदी पक्ष सोडणाऱ्यासाठी आहे, पक्षच घेऊन जाणाऱ्यासाठी तिच्यात शब्द नाहीत.

पुढचा क्रम वाचकांना पाठ आहे. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी २९ जूनला राजीनामा दिला. ऑक्टोबरमध्ये आयोगाने नाव-चिन्ह गोठवलं, अंधेरी पूर्वच्या पोटनिवडणुकीसाठी एका गटाला मशाल आणि दुसऱ्याला ढाल-तलवार दिली. १७ फेब्रुवारी २०२३ ला 'शिवसेना' हे नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला मिळाला. आयोगाने आमदारांना २०१९ मध्ये पडलेली मतं मोजली. संघटनेतलं बहुमत मोजायला त्याने नकार दिला, कारण पक्षाची २०१८ ची बदललेली घटना आयोगाकडे नोंदलेलीच नाही आणि आयोगाच्या आग्रहाने १९९९ मध्ये आणलेल्या लोकशाही तरतुदी तिने पुसून टाकल्या, असं त्याचं म्हणणं पडलं. या निर्णयाशी माझा मतभेद आहे. उमेदवाराला मिळालेलं मत पक्षाला मिळालं की व्यक्तीला, हाच तर वाद होता, आणि आयोगाने ते व्यक्तीच्या खात्यावर जमा करून पक्ष ठरवला. पण आयोगाने बोट ठेवलं ती जागा खरी दुखरी होती. वर्षानुवर्षं सगळे पदाधिकारी नेमणुकीने आणणाऱ्या पक्षाकडे संकटाच्या दिवशी दाखवायला सभासदांचा कौल नव्हता. शाखेतल्या शिवसैनिकांची निष्ठा लाखोंच्या संख्येने होती, तिची वादातीत नोंद कुठेच नव्हती.

११ मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी महत्त्वाची रेघ ओढली. व्हिप बजावणारा प्रतोद विधिमंडळ पक्ष नेमत नाही, राजकीय पक्ष नेमतो. राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणंही समर्थनीय ठरलं नाही. पण ठाकरे यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिल्याने जुनं सरकार परत आणता येत नव्हतं, आणि अपात्रतेचा निर्णय विधानसभाध्यक्षांकडे गेला. १० जानेवारी २०२४ ला अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी शिंदे गटाला खरा पक्ष मानलं आणि कोणत्याच बाजूच्या आमदाराला अपात्र ठरवलं नाही. तोच रस्ता राष्ट्रवादीत वापरला गेला. अजित पवार यांनी २ जुलै २०२३ ला शपथ घेतली, ६ फेब्रुवारी २०२४ ला आयोगाने नाव आणि घड्याळ त्यांना दिलं. विधानसभाध्यक्ष हा बहुमताने निवडला जातो आणि त्याच बहुमताच्या वैधतेवर त्याला निवाडा द्यायचा असतो. व्यक्ती कितीही सरळ असली तरी ही जागाच वाकडी आहे. अशा प्रकरणांसाठी कायमचं न्यायाधिकरण असावं, असं सर्वोच्च न्यायालयाने मणिपूरच्या प्रकरणात २०२० मध्ये संसदेला सुचवलंही होतं.

जमिनीवर मात्र वाटणी वेगळीच झाली. शिवसेनेचं नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाकडे, दादरचं शिवसेना भवन ठाकरे गटाकडे, विधान भवनातलं कार्यालय पुन्हा शिंदे गटाकडे.

खूण हरवली की मतदाराचं काय होतं, ते २०२४ च्या लोकसभेत साताऱ्यात दिसलं. शरद पवार यांच्या पक्षाला 'तुतारी वाजवणारा माणूस' हे नवं चिन्ह मिळालं होतं. यंत्रावर खाली एका अपक्षासमोरही तुतारी होती, नुसतं वाद्य. लोक तिला पिपाणी म्हणू लागले. पवारांचा उमेदवार हरला ते मताधिक्य ३२ हजारांच्या घरात, आणि पिपाणीला मतं ३७ हजारांहून अधिक. दिंडोरीत पिपाणीने लाखाचा आकडा ओलांडला, तिथे अपक्षाचं आडनावही विजयी उमेदवाराचंच होतं. ती सगळी मतं चुकूनच पडली असं कोणी म्हणू नये, पण मतदान यंत्रापुढे उभ्या म्हाताऱ्या बाईचा विचार करा. पुठ्ठ्याच्या आडोशामागे ती एकटी असते. कोणाला विचारता येत नाही. प्रचारातून कानावर पडलेला 'तुतारी' हा शब्द घेऊन ती आलेली असते, आणि बोटभर रुंदीच्या पट्टीत काळ्या रेघांची दोन चित्रं. एकात माणूस आहे, एकात नाही.

मतदारांनी पक्ष कोणाचा या प्रश्नाचं उत्तरही दोनदा दिलं, आणि दोन्ही वेळा वेगळं. जून २०२४ मध्ये लोकसभेला ठाकरे गट ९, शिंदे गट ७, शरद पवार ८, अजित पवार १. नोव्हेंबरमध्ये विधानसभेला शिंदे ५७, ठाकरे २०, अजित पवार ४१, शरद पवार १०. जो तो आपल्याला सोयीचा निकाल जनतेचा न्याय म्हणून दाखवतो. मला वाटतं, मतदाराने सरकार निवडलं. पक्षाची मालकी ठरवण्याचं काम त्याला कधी दिलंच नव्हतं.

ते काम सभासदांचं. जर्मनीच्या मूलभूत कायद्यातलं २१ वं कलम पक्षांची अंतर्गत रचना लोकशाही तत्त्वांना धरून असावी असं बंधन घालतं. आपल्याकडे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या २९-अ कलमाखाली पक्षाची नोंदणी होते, पण नोंदणीनंतर निवडणुका घेतल्या नाहीत म्हणून आयोग ती रद्द करू शकत नाही. विधी आयोगाने १९९९ च्या १७० व्या अहवालात पक्षांतर्गत लोकशाहीची सक्ती सुचवली होती. सभासदांनी निवडलं की सगळं सुटतं असंही नाही. ब्रिटनच्या हुजूर पक्षात २०२२ मध्ये १ लाख ४१ हजारांहून अधिक सभासदांनी मत देऊन लिझ ट्रस यांना निवडलं, आणि दीड महिन्यात खासदारांचा पाठिंबा गेल्याने त्यांना पायउतार व्हावं लागलं. ओढाताण तिथेही आहे. पण त्या भांडणात पक्षाचं नाव कोणी उचलून नेलं नाही, कारण कोण सभासद आहे हे लिहिलेलं होतं. त्याच वर्षी काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी बावीस वर्षांनी खरी लढत झाली. मल्लिकार्जुन खर्गे यांना ७,८९७ आणि शशी थरूर यांना १,०७२ मतं मिळाली. मतदार प्रतिनिधी होते, सामान्य सभासद नव्हते, तरी मतपेटी होती आणि हरणाऱ्याची मतं मोजून जाहीर झाली.

कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरवला, आणि त्या दिवशी जमीन कसणारं कूळ मालक मानलं गेलं. तोवर पिढ्यान्पिढ्या कसूनही कूळ बेदखल होत होतं, कारण कागद दुसऱ्याच्या पेटीत होता. पक्षांत असा दिवस यायचा तर आधी बारा लिहावा लागेल. सभासदांची खरी, तपासता येणारी यादी, तालुक्यापासून गुप्त मतदान, त्यावर बाहेरचा निरीक्षक, आणि फुटीच्या दिवशी आयोगाने पहिल्यांदा ती यादी उघडणं. कोणत्याही मोठ्या पक्षाला हे आज नको आहे. ज्यांचा पक्ष गेला त्यांनीसुद्धा त्यानंतर सभासदांच्या हाती मतपत्रिका दिल्या नाहीत, याचं मला सर्वांत जास्त वाईट वाटतं.

त्या दोन कुलपांचं पुढे असं झालं. आळीत एक म्हातारं माणूस गेलं, दहाव्याला सतरंज्या हव्या होत्या, आणि आळीत कोणाकडेही कार्य असलं तरी त्या तिथूनच जायच्या. दोन्ही गटांची माणसं किल्ल्या घेऊन आली, आपापलं कुलूप काढलं, सतरंज्या बाहेर दिल्या, पुन्हा आपापलं कुलूप लावलं. दहावा उरकल्यावर त्या परत ठेवायला कुलपं उघडणार कोण, म्हणून पायरीवरच्या त्या कार्यकर्त्यांनी त्या झटकून आपल्या घरी नेल्या. अजून त्यांच्याच माळ्यावर आहेत. कोपऱ्यात पक्षाचं नाव आणि घेतल्याचं साल साच्याने छापलेलं आहे, रंग उडालाय पण वाचता येतं. सभा कोणत्याही गटाची असो, पोरं तिथूनच घेऊन जातात आणि रात्री आणून देतात.